तयारीचे स्थापत्य : कर्जत-खालापूर परिसर आणि चित्रपटाची चित्रीकरणपूर्व घडण

चित्रपटाची समीक्षा सामान्यतः पडदा उजळल्यापासून सुरू होते. कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण, संकलन अशा क्रमाने तिचे विवेचन पुढे सरकते आणि पहिल्या दृश्याच्या आधी जे घडून गेले त्याची बोळवण ‘निर्मितिमूल्ये उत्तम’ अशा एखाद्या वाक्यात होते. नाटकाच्या बाबतीत तालमीचा आणि कवितेच्या बाबतीत तिच्या खर्ड्यांचा विचार करणे मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. चित्रपटाच्या पूर्वतयारीकडे मात्र व्यवस्थापनाचा, हिशेबाचा किंवा फार तर रंजक आठवणींचा भाग म्हणून पाहिले जाते. वस्तुतः कोणती जागा, कोणत्या बाजूने, किती उजेडात, किती माणसांसह आणि किती दिवसांत टिपायची हे ठरते तेव्हाच चित्रपटाचा बराचसा अर्थ ठरून गेलेला असतो. कॅमेरा सुरू झाल्यावर त्या निर्णयांची अंमलबजावणी होते. क्वचित त्यांच्याशी भांडणही होते.

प्रस्तुत लेखात या पूर्वतयारीचा विचार रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या परिसराच्या आधारे केला आहे. तसे करण्याचे कारण असे की, या परिसरात पूर्वतयारी ही चित्रपटागणिक मांडून मोडायची गोष्ट राहिली नाही. ती कायम उभी असलेली वास्तू झाली. २००५ साली कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी येथे सुमारे ५२ एकर जागेवर एन. डी. स्टुडिओ उभारला. त्यामुळे तयारी आणि चित्रपट यांचा नेहमीचा क्रम कसा उलटला, त्याचा चित्रपटांच्या रूपावर काय परिणाम झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न येथे जितके स्पष्ट दिसतात तितके मुंबईच्या गर्दीत दिसत नाहीत.

रेल्वेमार्गावरील दोन ठिकाणे

या परिसराचा चित्रपटाशी आलेला संबंध स्टुडिओपेक्षा बराच जुना आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाचा मुंबईतील भाग पूर्ण झाल्यावर बाह्यचित्रीकरणासाठी मंडळी वांगणीला गेली होती. वांगणी हे ठाणे जिल्ह्यातील स्थानक. त्याच्या पुढचे शेलू आणि नेरळ ही कर्जत तालुक्यातील. फाळके यांच्या चरित्रात सांगितली जाणारी हकीकत अशी की, तलवारी-भाले घेऊन आलेली ही मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांचा संशय आला आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेले. फाळके यांनी कॅमेऱ्यात फिल्म न घालता एक प्रसंग चित्रित करून दाखविला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

ही हकीकत विनोद म्हणून सांगितली जाते. पूर्वतयारीच्या अभ्यासकाला मात्र तीत दुसरेच काही दिसेल. प्रसंगाची आखणी, नटांचे उभे राहणे आणि हालचालींचा क्रम एवढे पक्के झालेले होते की, फिल्मशिवायही चित्रीकरण करून दाखविता आले. कच्ची फिल्म परदेशातून येत होती आणि महाग होती. वाया घालविण्यासाठी फाळके यांच्यापाशी वेळ थोडा होता आणि फिल्म त्याहून थोडी. ‘तालीम’ हा नाट्यव्यवसायातला शब्द चित्रपटात आला तो या टंचाईतून आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे स्टुडिओ. तो ओळखला जातो कर्जतच्या नावाने, परंतु तो आहे चौक गावाजवळ, खालापूर तालुक्यात. मुंबईच्या माणसाला जवळचे मोठे रेल्वेस्थानक ठाऊक असते, तालुका नव्हे. त्यामुळे खालापूरचा हा स्टुडिओ जगभर ‘कर्जतचा’ झाला. नावाची ही अदलाबदल क्षुल्लक वाटली तरी ती या परिसराच्या चित्रपटीय प्राक्तनाशी जुळणारी आहे. येथे उभ्या राहिलेल्या जागा पडद्यावर आग्रा म्हणून, पुणे म्हणून ओळखल्या गेल्या. त्या स्वतःच्या नावाने पडद्यावर येणे विरळाच. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि गोरेगाव-अंधेरीतील कलावंताला सकाळी निघून येथे कामाला पोहोचणे शक्य झाले. मोकळी जमीन, जवळ रेल्वे, जवळ महामार्ग आणि पाठीशी सह्याद्री, एवढ्या गोष्टी मुंबईपासून इतक्या अंतरावर अन्यत्र एकत्र मिळणे अवघड होते.

सह्याद्रीचा मात्र दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. शिवकालीन कथानकासाठी इर्शाळगड-प्रबळगडाची डोंगररांग हे आयते नेपथ्य आहे. आग्र्यासाठी तीच अडचण. यमुनाकाठच्या सपाट मुलखातील किल्ल्यामागे कोकणातला डोंगर डोकावला तर सारा डोलारा कोसळतो. सेट कोणत्या दिशेला तोंड करून उभा करावयाचा, तटाची उंची किती ठेवावयाची आणि कॅमेऱ्याला कुठवर मागे येऊ द्यावयाचे, हे निर्णय अशा जागी वास्तुशास्त्राचे जेवढे असतात तेवढेच लपवाछपवीचेही असतात आणि ते पहिल्या चित्रीकरणाच्या कितीतरी आधी घ्यावे लागतात.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ : तयारी हेच कथानक

मराठीत पूर्वतयारीलाच विषय करणारा एक महत्त्वाचा चित्रपट आहे. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा बापू वाटवे यांनी लिहिलेल्या फाळके-चरित्रावर आधारलेला असून त्याचे कलादिग्दर्शन नितीन देसाई यांचे आहे. २००९ मध्ये ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो निवडला गेल्यामुळे त्याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ती बहुतांशी फाळके यांच्या व्यक्तित्वाभोवती आणि नंदू माधव व विभावरी देशपांडे यांच्या अभिनयाभोवती फिरली. या चित्रपटाचा मोठा भाग कॅमेरा सुरू होण्याच्या आधीच्या काळात घडतो, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही.

१९११ मध्ये फाळके ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहतात, १९१२ च्या प्रारंभी लंडनला जातात, तेथे बायोस्कोप साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत तंत्र पाहून घेतात, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवितात. परत आल्यावर कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटा चित्रपट करतात आणि तो दाखवून भांडवल उभे करतात. या घटना कोणत्याही चरित्रात सापडतील. मोकाशी यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी या घटनांना ध्येयासाठीच्या यातनांचे रूप दिलेले नाही. घरातले फर्निचर विकले जाते, दृष्टी जाऊ लागते, शेजारी वेड्यात काढतात. परंतु चित्रपटाचा सूर खेळाचा राहतो. तयारी म्हणजे एका कुटुंबाने मांडलेला खेळ आणि त्या खेळात मुलेही पूर्ण सहभागी, असे या चित्रपटाचे म्हणणे आहे.

हे म्हणणे इतिहासाशी विसंगत नाही. फिल्मला अंधारात छिद्रे पाडणे, ती धुणे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी केली. मुलगा भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेत उभा राहिला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही म्हणून ग्रँट रोडवरील उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके निवडले गेले. अर्थात ज्याला आज पात्रनिवड, प्रयोगशाळा, भोजनव्यवस्था अशी वेगवेगळी नावे आहेत, ते सारे दादरच्या एका घरात चालले होते. चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई म्हणून नटांनी बाहेर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत’ असे सांगावे, ही फाळके यांची सूचना. मोकाशी यांनी शीर्षकासाठी नेमका तोच शब्द उचलला आणि त्यातून विनोदाच्या आडून एक सत्य सांगितले. लोकलज्जेपोटी घेतलेले हे खोटे नाव वस्तुस्थितीला धरून होते. तेथे कच्चा माल येत होता, यंत्रे होती, कामाची विभागणी होती आणि तयार माल बाहेर पडणार होता.

वाटाण्याच्या रोपाचा प्रसंग या दृष्टीने विशेष विचारात घेण्यासारखा आहे. भांडवल देणाऱ्यासमोर पटकथा वाचून दाखविण्याचा किंवा चित्रे मांडण्याचा मार्ग फाळके यांना मोकळा होता. त्यांनी वाढ दाखविली. महिनाभराचा काळ मिनिटभरात पाहता येतो, हे सिद्ध करणारा तो पुरावा होता. पूर्वतयारीचे इतके शुद्ध उदाहरण क्वचित सापडेल : ज्या चित्रपटासाठी पैसे हवेत त्याची कथा नाही, पात्रे नाहीत, देखावे नाहीत, केवळ माध्यमाची शक्ती दाखविली आहे. मोकाशी हा प्रसंग हलक्या हाताने रंगवितात, आणि येथे त्यांच्या चित्रपटाची मर्यादाही जाणवते. त्यांना फाळके यांचा उत्साह दिसतो. त्यांचे नियोजन, म्हणजे प्रसंगांची विभागणी, फिल्मच्या फुटांचा हिशेब, कोणते दृश्य घरात आणि कोणते बाहेर याची मांडणी, जवळजवळ दिसत नाही. फाळके हे मुद्रणव्यवसायात, छायाचित्रणात, शिलाछपाईत तयार झालेले कारागीर होते. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी जे लेखन केले त्यात हा कारागीर ठायी ठायी बोलतो. चित्रपटातील फाळके मात्र छांदिष्ट अधिक आणि कारागीर कमी वाटतात.

दुसरी मर्यादा शेवटाची. चित्रपट यशाच्या क्षणापाशी थांबतो. १९१८ मध्ये भागीदारांसह निघालेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, तेथील मतभेद आणि १९४४ मध्ये नाशिकला झालेला विपन्नावस्थेतील अंत त्याच्या कक्षेबाहेर राहतात. एका चित्रपटाने सगळेच सांगावे अशी अपेक्षा रास्त नव्हे. तरीही तयारीचा खेळ आनंददायी ठरतो तो बाजी जिंकल्यामुळे, हे विसरता येत नाही. घरातील कपाट विकून केलेली तयारी फसली असती तर तोच प्रसंग कोणत्या सुरात दाखविला गेला असता, हा प्रश्न मनात राहतो.

सेट आधी, कथा नंतर

फाळके यांच्यानंतर चित्रपटाच्या दृश्यांची आखणी ज्यांनी चित्रकाराच्या हाताने केली ते बाबूराव पेंटर. रंगविलेल्या पडद्यांऐवजी त्रिमितीय, वावरता येईल असे देखावे उभारण्याची दृष्टी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आली, आणि तेथेच घडलेल्या दामले-फत्तेलाल यांनी ती ‘प्रभात’मध्ये, आधी कोल्हापुरात व १९३३ पासून पुण्यात, पूर्णत्वास नेली. ‘संत तुकाराम’ (१९३६) चे दिग्दर्शन मूळच्या दोघा कलाकारागिरांनी केले, ही गोष्ट मराठी चित्रपटसृष्टीत नेपथ्याला असलेल्या स्थानाविषयी पुरेसे सांगून जाते. या परंपरेचा तपशील स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

नितीन देसाई या परंपरेत बसतातही आणि तिच्याबाहेरही जातात. ‘परिंदा’ (१९८९), ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ (१९९४) येथून सुरू झालेल्या त्यांच्या कारकिर्दीत ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चार चित्रपटांसाठी त्यांना उत्कृष्ट कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यांपैकी ‘लगान’ (२००१) चे उदाहरण घ्यावे. कच्छमधील कुनरिया गावाजवळ चंपानेर हे काल्पनिक गाव उभारण्यात आले. चित्रीकरण सलग एका टप्प्यात आणि जागेवरच ध्वनिमुद्रण करून करावयाचे ठरले होते. म्हणजे जागेची निवड करताना उजेड आणि क्षितिज यांबरोबर शांततेचाही विचार करावा लागला. खेळाचे मैदान, देऊळ, घरे आणि छावणी यांतील अंतरे पटकथेतील संघर्षाशी जोडलेली आहेत. ते गाव एका कथेसाठी जन्मले आणि त्या कथेबाहेर त्याला प्रयोजन नव्हते. प्रेक्षकाला ते गाव ‘सेट’ म्हणून आठवत नाही, यातच त्याचे यश आहे.

एन. डी. स्टुडिओच्या उभारणीनंतर हा क्रम बदलला. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘जोधा अकबर’ (२००८) साठी येथे आग्र्याच्या किल्ल्याची भव्य प्रतिकृती उभी राहिली. दिग्दर्शक तोच, कलादिग्दर्शक तोच. ‘लगान’ आणि ‘जोधा अकबर’ यांतील फरक म्हणूनच बोलका आहे. साडेतीन तासांच्या या चित्रपटात वास्तू हे एक पात्रच आहे. कॅमेरा तिच्याकडे दुरून, उंचावरून, मिरवणुकीच्या डोळ्यांनी पाहतो. बादशहाच्या स्तुतिगीतात शेकडो नर्तक ज्या प्रशस्त पटांगणात उतरतात त्या पटांगणाचे क्षेत्रफळ हाच त्या प्रसंगाचा आशय आहे. येथवर तक्रारीला जागा नाही. राजसत्तेच्या कथेला भव्यता साजून दिसते. तथापि जोधा आणि अकबर यांच्यातील अबोला, संशय आणि हळूहळू जडणारा स्नेह ज्या अंतःपुरात घडतो तेही त्याच मापाने बांधलेले आहे. माणसे दालनात हरवतात. अशा वेळी दिग्दर्शकाला चेहऱ्यांच्या निकट चित्रांचा आश्रय घ्यावा लागतो आणि मग वास्तू व भावना यांचा सांधा सुटतो.

चित्रपट संपला तरी किल्ला उभाच राहिला, आणि प्रस्तुत विवेचनातील कळीचा मुद्दा तेथून सुरू होतो. पूर्वी पटकथेतून सेट निघत असे. आता सेट आधी होता आणि त्याला कथा हवी होती. स्टार प्रवाह वाहिनीवर २००८ मध्ये सुरू झालेली ‘राजा शिवछत्रपती’ ही देसाई यांचीच निर्मिती. दररोज भाग प्रक्षेपित करावयाचा असताना प्रत्येक प्रसंगासाठी नवे नेपथ्य उभारणे मालिकेला शक्य नसते. कायम सेटची खरी गरज असते ती दूरचित्रवाणीला. या मालिकेने मराठी घराघरांत शिवकालाची एक दृश्यप्रतिमा रुजविली, हे तिचे मोठेच कार्य मानावे लागेल. परंतु त्याचबरोबर दरबार कसा दिसतो, दालन किती उंच असते, मशाली कुठे असतात याचा एक साचाही तयार झाला. त्यानंतरच्या अनेक ऐतिहासिक मालिका-चित्रपटांत तो साचा इतका ओळखीचा झाला आहे की, प्रेक्षकाला तोच इतिहास वाटतो. स्टुडिओवर याचा दोष ढकलणे न्यायाचे होणार नाही. तयार जागा दिसली की पूर्वतयारीतला पहिला प्रश्न, ‘या कथेला कशी जागा हवी?’, विचारण्याची गरजच उरत नाही, असा हा मामला आहे.

‘पानिपत’ (२०१९) मध्ये गोवारीकर आणि देसाई पुन्हा याच भूमीवर आले. या वेळी उभा करावयाचा होता पुण्याचा शनिवारवाडा. आग्र्याचा किल्ला आज उभा आहे. त्याची प्रतिकृती मूळ वास्तूशी ताडून पाहता येते. शनिवारवाड्यातील महाल १८२८ च्या आगीत नष्ट झाले. उरले ते तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. त्यामुळे त्याचा सेट ही प्रतिकृती असूच शकत नाही. तो एक तर्क असतो. कागदपत्रे, जुनी वर्णने, समकालीन वाड्यांची रचना आणि उरलेली जोती यांवरून केलेला अनुमानाचा इमला, म्हणजे इतिहास-संशोधकाच्या कामाशी थेट नाते सांगणारे काम. अभ्यासकांनी ‘पानिपत’वर वाद घातला तो पात्रांच्या चित्रणाविषयी आणि संवादांविषयी, या वास्तुविषयक अनुमानाची छाननी मात्र फारशी कोणी केली नाही. तशी केली असती तर एक साधी गोष्ट ध्यानात आली असती. वाड्याचे बांधकाम १७३० ते १७३२ मधले. कथानक १७६० च्या आसपासचे. तीस वर्षे वापरात असलेल्या, माणसांनी, दिव्यांच्या काजळीने, पावसाने जुन्या झालेल्या वास्तूची एकही खूण त्या पडद्यावरच्या वाड्यावर दिसत नाही. तो कालच रंग देऊन पूर्ण केल्यासारखा लखलखीत आहे. ज्या खालापूर तालुक्यात एका पावसाळ्यात भिंतीचा रंग उडतो तेथे हे व्हावे, यात काहीसा विरोधाभास आहे.

‘बालगंधर्व’ : ऐपतीबाहेरची तयारी

देसाई यांनी निर्माता म्हणून केलेला आणि रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला ‘बालगंधर्व’ (२०११) हा या साऱ्या विवेचनात वेगळा ठरतो. त्याची पूर्वतयारी वास्तूंपेक्षा शरीराभोवती उभी राहिली. सुबोध भावे यांना नारायण श्रीपाद राजहंसांच्या स्त्रीभूमिकांत उभे करणे हा त्या चित्रपटाचा खरा सेट होता. विक्रम गायकवाड यांची रंगभूषा आणि आनंद भाटे यांचे गायन या दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, यावरून या तयारीचे मर्म कोठे होते हे कळते. नटाच्या हालचाली, गायकाचा आवाज, रंगभूषाकाराचा हात आणि शालूचा पदर ही चार वेगवेगळ्या माणसांची कामे एकाच देहावर जुळून यावयाची होती. चित्रीकरणाच्या दिवशी ती जुळवू म्हटले असते तर जुळली नसती.

गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३ मधली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्याच वर्षातली. एकीकडे दादरच्या घरात काटकसरीने चित्रपटाची तयारी पूर्ण होत होती, तर दुसरीकडे खरी अत्तरे, उंची शालू आणि भव्य देखावे यांशिवाय प्रयोग होणार नाही अशी हट्टाची तयारी सुरू होत होती. बालगंधर्वांचे कर्ज हा मराठी रंगभूमीच्या इतिहासातील सर्वज्ञात भाग आहे. चित्रपट त्या कर्जाकडे कलावंताच्या औदार्याची बाजू म्हणून पाहतो. रसिकाला जे द्यायचे ते अस्सलच, ही बालगंधर्वांची भूमिका त्यात आदराने मांडली आहे आणि ती प्रेक्षकाला भिडतेही. पण हिशेब ठेवणाऱ्या माणसांना, भागीदारांना, कंपनीच्या नोकरांना या चित्रपटात पुरेसा आवाज नाही. ते येतात ते अडथळा म्हणून. तयारीच्या खर्चाचा प्रश्न विचारणारा माणूस अरसिक ठरतो, ही मराठी नाट्य-चित्रपटसृष्टीची जुनी खोड या उत्तम चित्रपटालाही सुटलेली नाही.

पाऊस, आग आणि कर्ज

कायम सेटचे अर्थशास्त्र बाहेरून दिसते तितके सोपे नाही. लाकूड, प्लायवूड, काथ्या, प्लास्टर ऑफ पॅरिस, फायबर यांचा किल्ला दगडाच्या किल्ल्यासारखा दिसतो. जगतो मात्र छपराविना ठेवलेल्या फर्निचरसारखा. सह्याद्रीच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस त्याला दर वर्षी थोडा थोडा खातो. त्या चार महिन्यांत उघड्यावरचे चित्रीकरणही जवळजवळ थांबते, म्हणजे उत्पन्न नसताना झीज सुरू राहते. ऑक्टोबरात सुतार, रंगारी, प्लास्टरवाले यांना पुन्हा बोलवावे लागते. एका चित्रपटाच्या अंदाजपत्रकात बसणारा खर्च असा दर वर्षीचा होतो. आग हे दुसरे संकट. मे २०२१ मध्ये स्टुडिओत लागलेल्या आगीत ‘जोधा अकबर’च्या सेटचे नुकसान झाले. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओतही ऑगस्ट २००७ मध्ये आग लागून ‘रोम’ या मालिकेच्या उभ्या सेटचा काही भाग जळाला होता. तेव्हा ही आपत्ती एकट्या खालापूरची नाही. ती या प्रकारच्या वास्तूंच्या स्वभावातच आहे.

या पार्श्वभूमीवर स्टुडिओवरील कर्ज वाढत गेले. थकीत रक्कम सुमारे २५२ कोटी रुपयांवर पोहोचली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्धची दिवाळखोरी प्रक्रिया दाखल करून घेतली. २ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन देसाई यांचा मृत्यू त्याच स्टुडिओत झाला. त्यानंतर या घटनेची आणि ‘बालगंधर्व’मधील कर्जाची सांगड घालण्याचा मोह अनेकांना झाला असणे स्वाभाविक आहे. समीक्षेने त्या मोहात पडू नये. निर्मात्याने निवडलेल्या विषयातून त्याचे प्राक्तन वाचणे ही सोय आहे, विवेचन नाही. मृत्यूचा अर्थ लावणे हे चित्रपट-समीक्षेचे कामही नव्हे. तिच्या कक्षेत येणारी गोष्ट एवढीच : चित्रपटाची तयारी जेव्हा जमीन, इमारत आणि व्याज यांचे रूप घेते, तेव्हा तिला प्रत्येक महिन्याला चित्रपट हवा असतो, आणि चांगले चित्रपट महिन्यांच्या हिशेबाने येत नाहीत. फाळके यांचे घर चित्रीकरण संपल्यावर पुन्हा घर होऊ शकत होते. पन्नास एकरांचा किल्ला दुसरे काहीही होऊ शकत नाही.

पुढे दिवाळखोरी प्रक्रियेतून हा स्टुडिओ महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला. हेच महामंडळ गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी चालविते. अशा रीतीने वांगणीला रिकामा कॅमेरा फिरवून दाखविणाऱ्या माणसाच्या नावाची संस्था त्याच रेल्वेमार्गाच्या परिसरातील दुसऱ्या फॅक्टरीची धनी झाली. सार्वजनिक मालकीमुळे व्याजाचा तगादा कमी होईल, नव्या निर्मात्यांना माफक दरात जागा मिळेल, अशी अपेक्षा करता येते. तथापि मालकी बदलल्याने सेटचा साचा आपोआप बदलत नाही. स्वस्त दरात मिळणारा तयार दरबार हा नव्या दिग्दर्शकाला महागड्या दरबारापेक्षा अधिक मोहात पाडणारा असतो.

अभ्यासकाच्या दृष्टीने स्टुडिओतील सर्वांत मोलाची वस्तू भिंती नसून कागद आहेत. कलादिग्दर्शकाची रेखाटने, मोजमापांचे नकाशे, लहान प्रतिकृती, रंगांचे नमुने, रद्द केलेले आराखडे यांतून एखादी वास्तू अमुक अशी का झाली हे कळते. विशेषतः ‘पानिपत’च्या शनिवारवाड्यासारख्या ठिकाणी जेथे प्रत्येक खांब हा एक अनुमान आहे, तेथे हे कागद संशोधनाची साधनेच होत. मराठी चित्रपटाचा या बाबतीतला इतिहास समाधानकारक नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आज जो अंश पाहावयास मिळतो तो १९१३ चा की १९१७ मध्ये फाळके यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाचा, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. पडद्यावरच्या प्रतिमेचीच ही स्थिती, तर तिच्या आधीच्या कागदांची चौकशी कोण करणार? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फिल्मबरोबर भित्तिपत्रके, स्थिरचित्रे आणि पटकथा जतन होतात. सेटच्या आराखड्यांना तशी जागा देणे अवघड नाही. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांत इतिहास, मराठी आणि जनसंज्ञापन हे तिन्ही विषय शिकविले जातात. एखाद्या उभ्या सेटचे मोजमाप घेऊन त्याची मूळ वास्तूशी आणि पडद्यावरील रूपाशी तुलना करण्याचा प्रकल्प पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका हिवाळ्यात पूर्ण करता येईल. तो पुढच्या पावसाळ्याच्या आत व्हावा लागेल, कारण प्लास्टरचा तट अभ्यासकाची वाट पाहत उभा राहत नाही.